एडमंटनमधला लिंबाएवढा फ्लॉवर: एका परसबागेची केस

केस एडमंटनची आहे, कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताची राजधानी, अक्षांश साधारण ५३.५ उत्तर. शहराच्या आग्नेयेला मिल वूड्स म्हणून भाग आहे, आपल्याकडची, पंजाबकडची भरपूर माणसं तिथे राहतात, त्यातलंच एक मराठी घर. नावं सांगत नाही, दादा आणि वहिनी म्हणू. दादा पुण्याचे, आयटीवाले. वहिनी जुन्नर बाजूच्या, माहेरी शेती, भाजीपाला हे घरचं पीक. मागच्या अंगणात लाकडी फळ्यांचे दोन मोठे वाफे, रेझ्ड बेड म्हणतात तसले, दक्षिणेकडे तोंड, दिवसभर ऊन. म्हणजे जागेत काही खोट नाही.

जूनच्या मध्यावर दादांनी इथल्या मराठी ग्रुपवर फोटो टाकला. फ्लॉवरचं झाड वीतभर उंच, पानं हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी, आणि मधोमध लिंबाएवढा पांढरा गड्डा. एकाच झाडाला नाही, सगळ्या ओळीला. खाली प्रश्न: "हा वाढेल का अजून?" उत्तरं अपेक्षेप्रमाणे आली. थंडीने झालं, खत कमी पडलं, माती खराब, पाणी जास्त, कुणीतरी एप्सम सॉल्ट टाका म्हणालं (एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, हा इथला रामबाण उपाय आहे, कशावरही सांगतात). मी राहुरीला ॲग्री केलेलं, इथे येऊन काम वेगळंच करतो पण लोक असल्या गोष्टीला बोलावतात, म्हणून गेलो बघायला.

आधी हे सांगतो की गड्डा वाढणार नव्हता. फ्लॉवरच्या झाडाचा शेंडा आधी पानं काढत असतो, मग एका टप्प्यावर तो पानं बंद करून गड्ड्याकडे वळतो, आणि एकदा वळला की नवीन पानं नाहीत. मग गड्डा किती मोठा होणार हे तोपर्यंत जेवढी पानं झाली त्यावर ठरतं. वीसेक दणकट पानं असतील तर किलोभराचा गड्डा भरतो, सहा-सात केविलवाणी पानं असतील तर लिंबू. याला बटनिंग म्हणतात, आपल्याकडचे शेतकरीही बटन पडलं असंच म्हणतात. त्यावर नंतर कितीही युरिया ओता, पानं मोठी होतील थोडी, गड्डा लगेच विस्कटून फुलायला लागेल, बस. दादांना हे पटायला वेळ लागला, अजून पंधरा दिवस थांबून बघू म्हणाले, वहिनींनी त्या दिवशीच चार उपटून रस्सा केला.

आता हे झालं कसं. इथे एक गोष्ट नशिबाची, वहिनींच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं आणि दूधवाल्याचे खाडे लिहायची जुनी सवय असल्यामुळे त्या बागेचं सगळं त्यावरच लिहितात. त्यामुळे तारखा पक्क्या मिळाल्या, नाहीतर बागवाल्यांच्या आठवणीवर विश्वास ठेवणं म्हणजे कठीण काम. बी ट्रेमध्ये टाकलं ३ मार्चला, बेसमेंटमध्ये एलईडी लाइटखाली. रोपं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच चार-पाच पानांची तयार. बाहेर तेव्हा बर्फ. मग ती त्याच ट्रेमध्ये राहिली. २८ एप्रिलपासून दिवसा डेकवर, रात्री गरम न केलेल्या गॅरेजमध्ये, कणखर व्हावीत म्हणून. लागवड मे लाँग वीकेंडला. मे लाँग म्हणजे २५ मेच्या आधीचा सोमवार, व्हिक्टोरिया डे, आणि इथे लोक तोवर काही लावत नाहीत, आपल्याकडे मृग लागल्याशिवाय पेरायचं नाही तसा तो नियमच झालाय. टोमॅटो-मिरचीसाठी नियम बरोबरच आहे. फ्लॉवरला मात्र त्याची एवढी गरज नसते, ते पुढे सांगतो.

म्हणजे लावताना रोपाचं वय अकरा आठवडे! आपल्याकडे पंचवीस-तीस दिवसांचं रोप लावतात, पाच आठवडे म्हणजे डोक्यावरून पाणी. वहिनी म्हणाल्या, "आमचे वडील रोपं महिन्याची झाली की लावायचेच, मजूर मिळो न मिळो, आम्हा पोरांना शाळा बुडवून लावायला न्यायचे." मग इथे का नाही ते लक्षात घेतलं? तर दादांचं म्हणणं, "अहो इथे सीझनच शंभर-सव्वाशे दिवसांचा, लवकर सुरू केलं तर तेवढेच दिवस हातात येतात ना." आणि हा युक्तिवाद ऐकायला इतका सरळ आहे की वहिनी पण गप्प बसल्या, इथल्या थंडीचं आपल्याला काय कळतं म्हणून.

खरी गोम इथेच आहे. टोमॅटोला हा हिशोब चालतो, मार्चमध्ये बी टाका, मोठ्या मोठ्या कुंड्यांमध्ये बदलत न्या, मेमध्ये दोन फुटी झाड लावा, फायदाच होतो. फ्लॉवरचं तसं नाही. फ्लॉवरला लवकर सुरुवात नको असते, त्याला न थांबता वाढ हवी असते, बी रुजल्यापासून गड्डा कापेपर्यंत कुठेही खीळ बसलेली त्याला चालत नाही. ट्रेमध्ये अडकून काढलेले सहा आठवडे हे त्याच्या खात्यात जमा होत नाहीत, वजा होतात. शॉर्ट सीझनमध्ये फ्लॉवर बिघडण्याचं कारण दिवस कमी असणं हे क्वचितच असतं, बहुतेक वेळा दिवस वाचवायच्या धडपडीतच तो बिघडतो.

मी एक झाड मुळासकट उपटलं. लावून महिना होत आला होता आणि तरी मुळांचा गोळा हुबेहूब ट्रेच्या कप्प्याच्या आकाराचा, वर चौकोनी खाली निमुळता, साच्यातून काढल्यासारखा, पांढऱ्या-तपकिरी मुळ्या गोल गोल एकमेकींभोवती गुंडाळलेल्या आणि बाहेरच्या मातीत गेलेल्या मोजून पाच-सहा. बाजूची काळीभोर माती हाताने झटकली की निघून जात होती. वाफ्यात दीड फूट चांगली माती भरलेली पण झाड अजून अंगठ्याएवढ्या कप्प्यातच राहत होतं. हे बघितल्यावर दादा पहिल्यांदा गप्प झाले.

तरी बाकीचे संशयित सोडायचे नाहीत म्हणून तेही तपासले. क्लबरूट आधी, कारण अल्बर्टात त्याचा धसका आहे. २००३ मध्ये एडमंटनजवळ कनोलाच्या शेतात तो सापडला आणि मग प्रांतभर पसरला, कनोला म्हणजे मोहरीच्या कुळातलंच तेलबी, त्यामुळे रोग तोच, फ्लॉवर-कोबीलाही लागतो आणि मातीत वर्षानुवर्षं टिकून राहतो. त्यात मुळं सुजून जाड गाठी होतात, झाड दुपारी मान टाकतं. इथे मुळं बारीकच होती, गाठ एकही नाही. रूट मॅगट, म्हणजे मुळं खाणारी माशीची अळी, बुंध्याशी उकरून बघितली, दोन झाडांना होती, बाकीच्यांना नाही, आणि बटन मात्र सगळ्यांना. पानांवर बारीक बारीक भोकं होती ती फ्ली बीटलची, द्राक्षवाले ज्याला उडद्या म्हणतात त्याच जातकुळीचा, इथे आजूबाजूला कनोलाची शेतं म्हटल्यावर हा पाहुणा ठरलेलाच. पण भोकं थोडी, झाड रोखायला पुरेशी नाहीत. मातीचं म्हणाल तर ट्रकने आणलेलं गार्डन मिक्स, त्यात इथली काळी माती. (एडमंटनची माती काळी असते म्हणून आपल्या लोकांना फार जवळची वाटते, पण आपली काळी ती बेसॉल्टच्या चिकणमातीची, भेगा पडणारी, आणि ही काळी प्रेअरीच्या, म्हणजे इथल्या सपाट माळरानाच्या, गवताच्या हजारो वर्षांच्या कुजण्यातून आलेली, हातात भुसभुशीत. सुपीक दोन्ही.) त्याच वाफ्यात त्याच ट्रेमधली, त्याच वयाची कोबीची रोपं होती आणि ती मस्त चालली होती! म्हणजे माती, पाणी, खत यांच्यावर ढकलायला जागाच राहिली नाही. कोबी असली हयगय पोटात घालतो कारण त्याचा गड्डा म्हणजे पानंच, शेंड्याला कुठे वळायचं नसतं. फ्लॉवरला वळायचं असतं.

इथपर्यंत रोपाचं वय. पण दुसरं एक निघालं. मी बियाण्याचं पाकीट मागितलं तर दोन आली. अर्धी ओळ स्नो क्राऊन नावाच्या हायब्रीडची, इथे सगळ्या दुकानांत मिळतो, लागवडीपासून पन्नास-पंचावन्न दिवसांत येतो, १९७५ पासूनचा जुना विश्वासू वाण. आणि अर्धी ओळ पुण्याहून आणलेल्या बियाण्याची, पाकिटावर "लवकर येणारा, ५५ ते ६० दिवस". (बी आणताना विमानतळावर सांगितलं होतं का विचारलं, दादांनी विषय बदलला. बी डिक्लेअर करावं लागतं, उगाच नसती भानगड.) दादांचा हिशोब परत सरळ: सीझन छोटा, म्हणून सगळ्यात लवकर येणारा वाण घ्या.

आता आपल्याकडचा फ्लॉवर हा प्रकारच वेगळा आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. फ्लॉवर भारतात आला १८२२ मध्ये, सहारनपूरच्या कंपनी बागेत डॉ. जेमसन यांनी इंग्लंडहून बी आणून लावलं. ते थंड हवामानातलं बी. मग उत्तरेच्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या उकाड्यात, पावसात जी झाडं तगली त्यांचंच बी धरत धरत एक नवीनच उष्ण हवेचा फ्लॉवर तयार केला. त्यात पुन्हा गट पडले. लवकरचा गट, पुसा कातकी, पुसा दीपाली वगैरे, २० ते २७ अंशांत गड्डा धरतो, म्हणून आपल्याला सप्टेंबर-ऑक्टोबरात फ्लॉवर खायला मिळतो. अगदी उशिराचा गट स्नोबॉलचा, पुसा स्नोबॉल के-१ सारखे, त्यांना १० ते १६ अंश लागतात आणि त्यांचं बीसुद्धा मैदानात नीट होत नाही, हिमाचलात कुलू खोऱ्यात कटराईनला, सोलनकडे करतात.

दोन्हींना गड्डा धरायला गारवा लागतोच, फरक आहे तो किती गारव्याला झाड फसतं याचा. लवकरच्या गटाला २२-२३ अंशसुद्धा गारवाच वाटतो, त्याला ८ अंशांत डेकवर ठेवलं तर तो विचार करतो की संपलं, हिवाळा आला, आता वळा. आणि वळतो, सहा पानांवर. हेच नारायणगावच्या शेतकऱ्याला विचारलं तर तो एका वाक्यात सांगेल, पावसाळी वाण थंडीत लावला की बटन आणि थंडीचा वाण पावसाळ्यात लावला की नुसता पाला. एडमंटनचा मे-जून हा फ्लॉवरच्या हिशोबाने आपल्या जानेवारीपेक्षा गार आहे, रात्री मेमध्ये ४-५ अंश, जूनमध्ये ८-१० अंश. जुलैत दुपार २३-२४, रात्र १२. म्हणजे हा पूर्ण प्रदेशच स्नोबॉलवाल्यांचा, आणि स्नो क्राऊन त्यांच्यातलाच.

ओळीत फरक दिसतही होता. पुण्याच्या बियांची बटनं सुपारीपासून लिंबाएवढी, काही तर विस्कटून पिवळी पडायला लागलेली. स्नो क्राऊनची जरा मोठी, मोसंबीएवढी. म्हणजे वाण बरोबर असूनही म्हाताऱ्या रोपाने मार खाल्लाच, आणि चुकीच्या वाणाने दुप्पट खाल्ला. आणि तिसरा पुरावा कुंपणापलीकडे! शेजारच्या युक्रेनियन आजीने तोच स्नो क्राऊन लावलेला, बी टाकलेलं एप्रिलच्या मध्यावर खिडकीत, लागवड मेच्या तिसऱ्या आठवड्यात. जूनच्या मध्यावर तिची झाडं दादांच्यापेक्षा दीड वीत मोठी आणि गड्ड्याचा पत्ता नाही, नुसती निळसर रुंद पानं. दादांना वाटत होतं आजी मागे पडलीय. आजीने जुलैच्या शेवटाला डोक्याएवढे गड्डे कापले.

रोपाचं वय आणि वाण या दोन कारणांच्या मधे एक गोष्ट राहिली, ते हार्डनिंग. रोप बाहेरच्या हवेला सरावावं म्हणून आठवडाभर हळूहळू बाहेर ठेवणं ठीक आहे, पण ऊन आणि वारा दाखवण्यासाठी, गारठवण्यासाठी नाही. चार-पाच पानांचं रोप १० अंशांखाली आठ-दहा दिवस सलग राहिलं की बटनिंगचा धोका सरळ वाढतो. दादांनी तीन आठवडे ठेवलं. त्यांना कुणीतरी सांगितलेलं की जितकं कष्टवाल तितकं रोप चिवट होतं. कोबीचं होतं.

आता प्रश्न होता, २० जून उजाडलाय, पुढे काय. मी म्हटलं सगळं उपटा आणि आजच स्नो क्राऊन पुन्हा पेरा, थेट वाफ्यात, ट्रे नकोच. दादा म्हणाले आता कुठे वेळ उरलाय, नर्सरीतून रोपं आणू. गेलो नर्सरीत, जूनच्या शेवटाला जी फ्लॉवरची रोपं उरलेली असतात ती सेलमध्ये असतात आणि का असतात ते कप्पा उलटा केला की कळतं, तीच गोल फिरलेली मुळं, खालची पानं जांभळट पिवळी. फुकट दिली तरी घेऊ नयेत असं माझं मत.

हिशोब असा मांडला. थेट पेरलेल्या स्नो क्राऊनला साधारण ऐंशी दिवस धरा, सप्टेंबरमध्ये दिवस लहान आणि गार होत जातात म्हणून वरती दहा-पंधरा दिवस. म्हणजे सप्टेंबरचा मध्य ते शेवट. एडमंटनला पहिलं दंव शहराच्या आत साधारण सप्टेंबरच्या उत्तरार्धात पडतं, पण इथे लोक विसरतात की फ्लॉवर म्हणजे टोमॅटो नाही, उणे दोन-तीन अंश पानं सहज सोसतात. गड्डा जास्त नाजूक, तो गोठला की नंतर पाणीदार तपकिरी होतो, पण वर कापड टाकलं तर तेवढं निभावतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गड्डा भरायची वेळ ऑगस्ट शेवट ते सप्टेंबरवर जाते, म्हणजे दिवस १८ आणि रात्र ६, स्नोबॉलवाल्यांना याहून सुख नाही. जूनच्या शेवटाला दिवस सतरा तासांचा असतो, पुण्याला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेराच्या आसपास, त्यामुळे उगवलेली रोपं इतक्या झपाट्याने वाढतात की आपल्याकडून आलेल्या माणसाला विश्वास बसत नाही. याच मोठ्या दिवसांच्या जोरावर अलास्कातल्या पामरच्या जत्रेत २०१२ साली ६२.७ किलोचा कोबी आला होता. आणि फ्लॉवरचा जागतिक विक्रम, २७.४८ किलो, २०१४ चा, इंग्लंडमधल्या पीटर ग्लेझब्रुक यांचा, ते राहतात नॉटिंगहॅमशायरमध्ये, ५३ अक्षांशावर, म्हणजे जवळजवळ एडमंटनच्याच रेषेत. त्यांच्याकडे समुद्रामुळे हिवाळा सौम्य आणि सीझन लांबलचक हा मोठा फरक आहे, पण नॉर्थमध्ये फ्लॉवर येत नाही हे बोलणं तरी बंद व्हावं.

पेरणी झाली. दोन-दोन फुटांवर तीन-तीन बिया, नंतर एकेक ठेवून बाकी उपटायची. वरून पांढरं पातळ कापड, फ्लोटिंग रो कव्हर म्हणतात, पेरल्या दिवशीच, कडा मातीने दाबून. हे कापड म्हणजे इथल्या फ्लॉवरचं अर्धं पीक संरक्षण आहे: फ्ली बीटल, रूट मॅगटची माशी, पांढरं फुलपाखरू आणि वाऱ्याबरोबर दक्षिणेतून उडत येणारा चौकोनी ठिपक्यांचा पतंग, तोच आपला डायमंड बॅक मॉथ, सगळ्यांना एकच उपाय. अट एवढीच की आदल्या वर्षी त्याच जागी कोबीवर्गीय पीक नको, नाहीतर मॅगट मातीतूनच निघतो आणि कापडाच्या आत बंद होतो, मग त्याची चंगळ. म्हणून पेरणी दुसऱ्या वाफ्यात केली, जिथे आधीच्या वर्षी बीन्स होते.

जुलै छान गेला. ऑगस्टच्या सुरुवातीला आठवडाभर तीस-बत्तीस अंशांची लाट आली आणि दादांचे मेसेज सुरू, नुसती पानं येतायत, गड्डा दिसत नाही, परत काही बिघडलं का. नाही. स्नोबॉलवाल्याला गरमीत गड्डा धरता येत नाही, तो पानं काढत राहतो, आणि हे त्या क्षणी फायद्याचंच होतं. पाणी तोडू नका एवढंच सांगितलं, आठवड्याला इंच-दीड इंच, आणि बुंध्याशी वाळलेल्या गवताचं आच्छादन. मधे एकदा वरखताचा हात दिला, पानं सात-आठ झाल्यावर नायट्रोजन, आणि गड्डा दिसायला लागल्यावर हात आखडता घेतला.

बोरॉनवरून छोटं भांडण झालं. दादांनी कुठेतरी वाचलं की फ्लॉवरला बोरॉन लागतं, बरोबरच आहे, आणि घरात बोरॅक्सचा डबा कपडे धुवायला होताच, त्यात बोरॉन असतं. ते मूठभर टाकायला निघाले होते. बोरॉन लागतं ते चिमटीने, आणि लागणं आणि जास्त होणं यांतलं अंतर फार कमी, जास्त झालं की पानांच्या कडा जळतात आणि त्या जागी पुढे बीन्ससुद्धा नीट येत नाहीत. देठ पोकळ निघाला म्हणजे बोरॉनच कमी असंही नाही, नायट्रोजन भरपूर आणि झाडाची घोडदौड झाली तरी देठ पोकळ होतो. गड्ड्यावर आणि देठाच्या आत तपकिरी डाग असतील तर मात्र बोरॉनचा विचार करावा. डबा परत लाँड्रीत गेला.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री ७-८ अंशांवर आल्या आणि दहाएक दिवसांत वहिनींना पानांच्या मधोमध रुपयाएवढा पांढरा ठिपका दिसला. एका झाडात दिसला की चार दिवसांत सगळीकडे. कापड काढलं, तेव्हा अळ्या थोड्या होत्या, हाताने वेचल्या आणि बीटीके फवारलं, हे बॅक्टेरियाचं औषध, अळीने पान खाल्लं तरच चालतं म्हणून पानाच्या खालून फवारावं लागतं आणि संध्याकाळी. गड्डा मुठीएवढा झाल्यावर बाहेरची पानं वर ओढून कपड्यांच्या चिमट्याने बांधली, नाहीतर उन्हाने पिवळा पडतो. चवीत फारसा फरक नाही, पण वहिनींना पिवळा फ्लॉवर बाजारात मागे पडलेला आठवतो, त्यांना पांढराच हवा. ज्याला बांधायचा कंटाळा त्याने जांभळा लावावा किंवा नारिंगी. नारिंगी हा तर मूळ कॅनडाचाच, १९७० मध्ये ऑन्टॅरिओत ब्रॅडफर्डच्या दलदलीच्या शेतीत एक वेगळंच झाड सापडलं, त्यावरून पुढे कॉर्नेल विद्यापीठात काम होऊन आजचे वाण आले.

निकाल सरसकट गोड नाही. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून महिनाअखेरीपर्यंत कापणी चालली. बहुतेक गड्डे सहाशे-सातशे ग्रॅमचे, घट्ट, दोन गड्डे तर किलोच्या आसपास. दोन झाडं गड्डाच धरू शकली नाहीत, कुंपणाच्या सावलीतली होती, मागे पडली आणि वेळ संपली. एका रात्री उणे चार झालं, त्या दिवशी एका कोपऱ्यात जुनी चादर पोचली नाही आणि तिथला गड्डा गेला. म्हणजे २० जून ही अगदी शेवटची तारीख समजा, त्याच्यापुढे एडमंटनला मी तरी पेरणार नाही, आणि कॅल्गरीसारखं उंचावरचं, जास्त गार रात्रींचं ठिकाण असेल तर आठवडाभर आधीच.

दुसऱ्या वर्षी वेळापत्रक नवीन. पहिलं बी १५ एप्रिलला, जरा मोठ्या कप्प्यात. पाच आठवड्यांनी, चार-पाच पानं असताना लागवड, मे लाँगला नाही तर त्याच्या तीन दिवस आधीच, कारण कापडाखाली हलकं दंव चालतं आणि रोप कप्प्यात एक दिवस जास्त राहण्यापेक्षा ते बरं. लागवडीला ढगाळ संध्याकाळ. वाफ्यावर दहा दिवस आधी काळं प्लास्टिक पसरून माती तापवली, गार मातीत फॉस्फरस उचलता येत नाही आणि रोप जांभळं होऊन बसून राहतं. दुसरं बी थेट वाफ्यात २५ मेला. पहिली बॅच जुलैच्या शेवटी आली, किलोभराचे गड्डे, त्यातले दोन-तीन गरमीने वरून जरा रवाळ, तांदळाच्या कण्यांसारखे, खायला ठीक. दुसरी बॅच ऑगस्ट शेवट ते सप्टेंबर, आणि ती प्रत्येक बाबतीत सरस. म्हणून माझा सल्ला कुणी विचारला तर मी म्हणतो एकच बॅच करायची असेल तर उशिराची करा, वसंतातली सोडून द्या. आजी मात्र वसंतातलीच करते आणि तिची चांगली येते, तिच्या खिडकीला आणि तिच्या हाताला सवय झालीय.

पुण्याच्या बियाण्याचं पाकीट दादांनी टाकलेलं नाही. दुसऱ्या वर्षी त्यातल्या थोड्या बिया जूनच्या मध्यावर टाकल्या, जुलैच्या उबेत वाढू दे म्हणून, आणि गंमत म्हणजे त्यांनी ऑगस्टच्या सुरुवातीच्या गरमीत गड्डा धरला, जेव्हा स्नो क्राऊन पानं काढत बसला होता. चारशे-पाचशे ग्रॅमचे, जरा सैल, पण गड्डे म्हणण्यासारखे. म्हणजे ते बी वाईट नव्हतं. फक्त त्याला एडमंटनचा मे दाखवायचा नाही.

आता तिसऱ्या वर्षाचा पेच जागेचा आहे. वाफे दोनच, आणि फ्लॉवर, कोबी, ब्रोकोली, मुळा, मोहरी हे सगळं एकच कुळ, दादांना थालीपीठाबरोबर मुळा हवा आणि वहिनींना सरसोंसाठी मोहरीची पानं. क्लबरूट शहरात एखाद्याच्या बुटाच्या मातीतूनही येऊ शकतो, एकदा आला की त्या वाफ्यातून फ्लॉवर कायमचा गेला असं धरून चाला. म्हणून मी सांगितलंय, एका वाफ्यात या कुळातलं सगळं एकत्र आणि दुसऱ्यात अजिबात नाही, वर्षाआड अदलाबदल, कनोलाच्या शेतातून फिरून आलेले बूट वाफ्याजवळ नकोत, आणि आजीकडून रोपं घ्यायची नाहीत, बी घ्यायचं. वर्षाआड हे खरं तर कमीच पडतं, तीन-चार वर्षांचा फेर हवा, म्हणून तिसरा वाफा गॅरेजच्या बाजूला बांधायचं ठरलंय. दादा फळ्यांचं मोजमाप घेऊन बसलेत, वहिनी म्हणतात तिथे चार तास पण ऊन येत नाही, आधी ते सफरचंदाचं झाड छाटा. त्यांचंच बरोबर आहे.